दुसरी शेड कुठे टाकली?

गुंतवणूक परिषदेच्या मंचावर उद्योजकाला विचारले, ‘आपल्या शहरात समाधानी आहात ना?’ तर तो बिचारा काय सांगणार? समोर पालकमंत्री, बाजूला जिल्हाधिकारी, पहिल्या रांगेत वीज कंपनीचे आणि प्रदूषण मंडळाचे साहेब. तो माइक हातात घेतो, शाहू महाराजांना वंदन करतो, ‘दोन-चार किरकोळ अडचणी आहेत, त्या साहेब सोडवतीलच’ म्हणतो आणि शाल-श्रीफळ घेऊन खाली उतरतो. मग पार्किंगमध्ये गाडीला टेकून जे बोलतो ते इतिवृत्तात येत नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मात्र बातमी असते : कोल्हापूर उद्योगस्नेही.

आमचे म्हणणे साधे आहे. उद्योजक शहरावर खूश आहे की नाही, हे त्याच्या तोंडून ऐकूच नये. धंदा वाढला तेव्हा त्याने दुसरी शेड कुठे टाकली, तेवढे पाहावे.

कोल्हापुरात या प्रश्नाची सुरुवातच अडते, कारण ‘आपले शहर’ म्हणजे कोणते, इथपासून वाद. महापालिका १९७२ साली झाली. हद्द नगरपालिकेची होती तीच, सुमारे ६७ चौरस किलोमीटर, आणि त्यानंतर हद्दवाढीचे प्रस्ताव किती आले-गेले याची मोजदाद कृती समित्यांनीही सोडली असेल. शिरोलीची वसाहत, गोकुळ शिरगावची वसाहत, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत, सगळ्या हद्दीबाहेर. ज्या कारखान्यांच्या जिवावर कोल्हापूर स्वतःला औद्योगिक शहर म्हणवते, त्यातले मोठे बहुतेक कोल्हापुरात नाहीतच. ते शिरोली पुलाचीत आहेत, गोकुळ शिरगावात आहेत. हद्दवाढीच्या यादीत वसाहतींची नावे दिसली की उद्योजकांच्या संघटना ग्रामस्थांच्या खांद्याला खांदा लावून विरोधात उभ्या राहतात. कारण उघड आहे : महापालिकेत गेलो तर घरफाळा वाढेल हे नक्की, सुविधा वाढतील याची खात्री नाही. कारखानदार राहायला ताराबाई पार्कात, मुले शहरातल्या शाळेत, बँक शहरात, दवाखाना शहरात, फक्त कराची पावती गावची. शहराबद्दलचे यापेक्षा स्पष्ट मत कोणत्या प्रश्नावलीत मिळणार? उद्योजकांचीही यात थोडी चलाखी आहे, हे सांगायला हरकत नाही. शहर हवे, पण शहराचा खर्च नको. पंचगंगेच्या पाण्याचा विषय निघाला की ज्या तत्परतेने सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात, तीही त्यातलीच.

तरीही माणसे इथे आहेत. का आहेत, ते पाहायचे तर शिवाजी उद्यमनगरात अर्धा दिवस काढावा. कुणाच्या तरी स्कूटरच्या पायापाशी एक तुटका शाफ्ट ठेवलेला असतो. पहिल्या गाळ्यात त्याला वेल्डिंग, पुढच्या गल्लीत लेथवर टर्निंग, तिसऱ्या ठिकाणी की-वे, चौथ्या ठिकाणी हार्डनिंग. पैशाचे नंतर बघू. कागद कुठे झालाच तर सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर काढलेल्या मापाचा. संध्याकाळी शाफ्ट मशिनीवर. ही सोय महापालिकेने केलेली नाही, एमआयडीसीने केलेली नाही, कोणत्याही धोरणात तिचा उल्लेख नाही. पंचगंगेकाठी ऊस वाढला, उसाला पाणी उपसायला ऑइल इंजिने आली, इंजिने बिघडायला लागली म्हणून मिस्त्री तयार झाले, आणि म्हादबा मिस्त्रींच्या पिढीने दुरुस्त करता करता इंजिन स्वतःच ओतायला घेतले. इंजिनाचा जमाना ओसरला, पण ओतकामाचा हात राहिला. आज त्याच हाताने वाहन कंपन्यांची कास्टिंग होतात. पॅटर्नवाला, कोअरवाला, मोल्डिंगचा ठेकेदार, फेटलिंगची पोरे, मशीन शॉप, सगळे हाकेच्या अंतरावर. सिलिका वाळू घाट चढून फोंडा-कासार्ड्याकडून येते, कच्चे लोखंड गोव्याकडून. अशी घडी बसायला तीन पिढ्या लागतात. म्हणून कोल्हापूरचा फौंड्रीवाला जेव्हा ‘इथे बरे आहे’ म्हणतो, तेव्हा ते प्रशस्तिपत्र शेजारच्या गाळेवाल्याला असते. ते शहराच्या कारभाराच्या नावावर जमा करणे ही निव्वळ उचलेगिरी.

कारभार जिथे आडवा येतो तिथले चित्र वेगळे. इंडक्शन भट्टी विजेवर चालते. फौंड्रीत वीज हा वरखर्च नव्हेच, तो लोखंडाच्या जोडीचा कच्चा माल. भट्टीत धातू वितळत असताना वीज गेली आणि लवकर आली नाही तर आतले लोखंड थिजू लागते. ते पुन्हा वितळवायचे म्हणजे दुप्पट वीज, आणि भट्टीच्या अस्तराला तडे गेले तर तो खर्च निराळा. राज्यात रात्री दहा ते सकाळी सहा औद्योगिक विजेला युनिटमागे दीड रुपयाची सूट होती, म्हणून फौंड्र्यांनी भट्ट्या रात्री लावल्या. कामगारांच्या पाळ्या, ठेकेदारांची माणसे, वसाहतीबाहेरच्या चहा-मिसळीच्या गाड्या, सगळ्यांचे घड्याळ त्या सुटीवर लागले. २०२५ च्या दररचनेने सूट दिवसाच्या सौर तासांकडे नेली. उन्हाची वीज उन्हात वापरा, हे धोरण म्हणून बरोबरच आहे. आमचा त्याला विरोध नाही. पण वर्षानुवर्षे रात्री जागलेली वसाहत एका आदेशाने दिवसावर कशी येणार, हे विचारायला कोणी शिरोलीत आले होते का? मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या शेडखाली वितळलेल्या लोखंडाशेजारी उभे राहून पाहावे, म्हणजे रात्रपाळीत नुसता दीड रुपया नव्हता हे कळेल.

वीजदराचा विषय निघाला की कोल्हापुरात कर्नाटकाचे नाव निघतेच. कागल मागे टाकून दूधगंगेचा पूल ओलांडला की थोड्याच अंतरावर हद्द बदलते. दहा-बारा वर्षांपूर्वी वीजदरवाढीवरून इथल्या उद्योजकांनी ‘आम्ही चाललो’ म्हणून इशारा दिला, कर्नाटक सरकारने लगेच जागेची तयारी दाखवली, आणि मुंबईत एकदम धावपळ झाली. त्यानंतरही अधूनमधून हा इशारा झडतो. गंमत अशी, की मुंबईला शिरोलीचे पथदिवे दिसायला निपाणीहून उजेड पाडावा लागतो. फौंड्रीतून निघणारी वापरलेली वाळू टाकायची कुठे, ट्रक उभे करायचे कुठे, वसाहतीतले रस्ते कोणाचे, हे विषय जिल्हा उद्योग मित्र समितीच्या बैठकीत येतात, ‘संबंधितांनी कार्यवाही करावी’ असा शेरा घेतात आणि पुढच्या बैठकीला तसेच्या तसे हजर होतात. जातो म्हटले की चर्चा, राहतो म्हटले की शेरा.

हद्दीपलीकडे जाणे ही नवी गोष्ट नाही. शंभर वर्षांपूर्वी ओघ उलटा होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरुवात केली, कडबा कापायची यंत्रे केली, लोखंडी नांगर केला. बेळगावच्या नगरपालिकेला त्यांची जागा वस्तीच्या विस्तारासाठी हवी झाली. कारखाना हलवा, एवढेच त्यांना सांगण्यात आले. मदतीला आले औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. संस्थान चिमुकले, जागा कुंडल रोड स्टेशनाजवळचे निवडुंगाचे माळरान, पण देणारा माणूस विचारणारा होता. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या वेळी बेळगावच्या उद्योगांची समाधान पाहणी कोणी केली असती तर निकाल उत्तमच आला असता, कारण असमाधानी माणूस तोवर कुंडल रोडला उतरलेला होता. पाहणीची हीच खोट आहे. ती उरलेल्यांना विचारते.

उरलेल्यांतही दोन जाती. मोठ्याला जाता येते. त्याला जागेचा दलाल भेटतो, सवलतीचे पॅकेज भेटते, म्हणून त्याच्या भुवईकडेही सरकारचे लक्ष असते. भाड्याच्या गाळ्यात तीन लेथ टाकून बसलेल्याला कुठे जाता येते? यंत्रे बँकेकडे तारण, कामे देणारे चार जण याच गल्लीतले, कारागीर पन्हाळ्याच्या बाजूच्या गावातून दुचाकीवर येणारा. त्याला निपाणीत फुकट जागा दिली तरी तिथे शाफ्टला की-वे कोण पाडून देणार? म्हणून तो राहतो, आणि राहतो म्हणून समाधानींच्या रकान्यात मोजला जातो. जर्मनीत उद्योग-व्यापार मंडळाचे सभासदत्व कायद्यानेच सक्तीचे आहे. तिथली मंडळे शहराबद्दलचे मत विचारणारी प्रश्नावली काढतात, ती वाहन कंपनीपासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत कोणाकडेही जाऊ शकते. आपल्याकडे शिरोलीची ‘स्मॅक’, गोकुळ शिरगावची ‘गोशिमा’, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन या संघटना जुन्या आहेत, कामाच्या आहेत, आणि पथदिव्यापासून वीजदरापर्यंत भांडतातही त्याच. पण सभासद होऊन बैठकीला यायला वेळ असलेलाच माणूस तिथे बोलतो. लेथवाल्याची दुपार लेथवरच जाते.

कोल्हापूरला गप्प बसायची सवय आहे असेही नाही. रस्त्यांच्या टोलविरुद्ध हे गाव वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरले आणि २०१५ च्या अखेरीस टोल घालवूनच थांबले. त्या लढ्यात दुकानदार होते, कारखानदार होते, रिक्षावाले होते. मग पुराच्या वेळी तेच एकमुखी गाव कुठे जाते? ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि पुणे-बंगळूर वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. घरे-दुकाने बुडाली त्यांची हानी सगळ्यांना दिसली. फौंड्रीत पाण्याचा थेंब न शिरताही जे गेले ते दिसले नाही. वाहन कंपनीच्या लाइनला रोज माल लागतो. ट्रक आठवडाभर अडकला की खरेदी खात्यातला माणूस दुसरा पुरवठादार बघायला लागतो. रस्ता मोकळा होतो, ऑर्डर मोकळ्या होत नाहीत. पर्यायी वाट म्हणून रेल्वेकडे पाहावे तर कोल्हापूर-वैभववाडी मार्ग अजून भाषणांतूनच धावतो आहे. विमानतळ मात्र उजळाईवाडीला १९३९ पासून आहे. राजाराम महाराजांना जे तेव्हा सुचले ते पुढच्यांना नीट चालवता यायला कित्येक दशके गेली.

पुढच्या परिषदेत समाधान मोजायचेच असेल तर मंचावर कोणाला चढवू नये. नव्या भागासाठी भूखंड मागणाऱ्यांची वसाहतवार नोंद एमआयडीसीकडे असते. भूखंड दुसऱ्याच्या नावे करून निघून गेलेल्यांचीही असते. कोणत्या कारखान्याने वाढीव भार मागितला, कोणी भार कमी करून घेतला, कोणाची जोडणी कायमची बंद झाली, हे वीज कंपनीच्या संगणकात महिन्यागणिक आहे. ही माहिती गेल्या दहा वर्षांची, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले आणि उद्यमनगर अशी वेगवेगळी, जिल्हाधिकाऱ्यांनी मागवावी आणि उद्योग मित्र समितीच्या विषयपत्रिकेला जोडावी. त्यासाठी सल्लागार कंपनी नको, हॉटेलचा हॉल नको. एका पानाचे पत्र पुरते, आणि ते पाठवायचा अधिकार आजही त्यांच्याकडे आहे.