चालतो-बोलतो, म्हणून बरा झाला?

मोटार अपघात दाव्यांच्या कोर्टात विमा कंपनीचे वकील जखमी माणसाला एक प्रश्न हमखास विचारतात : "आज आपण स्वतःच्या पायांनी चालत इथे आलात, हे खरं आहे ना?" तो "हो" म्हणतो. नाव, गाव, वय बिनचूक सांगतो. हातपाय शाबूत असतात, कपाळावरची टाक्यांची खूण केसांखाली झाकलेली असते. दाव्यातला अर्धा जीव त्या एका "हो"मध्ये निघून जातो.

या प्रश्नामागची समजूत एकट्या वकिलांची नाही. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांची आहे, सख्ख्या नातेवाइकांची आहे, आणि पुष्कळदा डॉक्टरांचीही आहे. डोक्याला मार लागला होता, चार दिवस आयसीयूत होता, मेंदूची सूज उतरली. आता खातोपितो, ओळखतो, मग लाखांचा दावा कशासाठी? या आक्षेपाच्या जोडीला आणखी दोन येतात. ज्याने हेल्मेट घातलं नाही त्याने भरपाई कोणत्या तोंडाने मागावी? आणि, हे क्लेम म्हणजे वकील-डॉक्टरांचा धंदा झाला आहे. तिन्ही आक्षेप सरसकट लावले की चुकीचे ठरतात. पहिला तर माणसावर उघड अन्याय करणारा आहे, म्हणून त्याच्यापाशी जास्त वेळ थांबतो.

सिन्नरकडचा एक वायरमन माझ्या पाहण्यातला आहे. वय चौतीस. स्वतःची कामं घेणारा, हाताखाली दोन पोरं. मागून आलेल्या टेम्पोने मोटारसायकल उडवली. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं : जीसीएस 15/15, प्रकृती स्थिर. घरी आला तेव्हा पेढे वाटले. पुढचं सगळं त्याच्या बायकोने पाहिलं. गॅसवर दूध ठेवून तो बाहेर निघून जायचा. तीच गोष्ट दिवसातून चारदा विचारायचा. कधी आवाज न चढवणारा माणूस पोरीचं दप्तर दारात दिसलं म्हणून अंगावर धावून गेला. कामावर गेला तर तासाभरात डोकं धरून बसायचा. आणि एकदा मेन स्विच बंद न करताच बोर्ड उघडला. त्यानंतर त्याच्या हाताखालच्या पोरांनीच त्याला कामावर येऊ नका म्हणून विनवलं. हातपाय धडधाकट असलेल्या वायरमनची रोजी अशी गेली. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर आकडा आला 30 टक्के.

हे असं का होतं, ते वैद्यकाला चांगलं ठाऊक आहे. वेगात असलेलं डोकं अचानक थांबलं किंवा गरकन फिरलं की कवटीच्या आत मेंदू हलतो, पिळला जातो. त्यातले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. कवटीला चीरही नसते, रक्ताची गाठही नसते, आणि सीटी स्कॅन पुष्कळदा नॉर्मल येतो, कारण इतकी बारीक इजा सीटीत दिसतच नाही. कपाळामागचा भाग दुखावला तर बोलणं-चालणं तसंच राहतं; जातं ते नियोजन, संयम, एका कामावर टिकून राहणं, पुढच्या धोक्याची जाणीव. रागावरचा ताबा सुटतो. वास जातो. काहींना महिन्यांनी फिट्स सुरू होतात. वृद्धांमध्ये तर साधं न्हाणीघरात पडण्याचं निमित्त होतं, आणि मेंदूभोवती हळूहळू साचणारं रक्त दोन-तीन आठवड्यांनी लक्षात येतं.

डिस्चार्ज कार्डावरच्या त्या 15/15 चं वजनही नीट समजून घेतलं पाहिजे. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी 1974 साली जीसीएस ही मोजणी मांडली. डोळे उघडतो का, बोलतो का, हालचाल करतो का, यावरून शुद्ध किती आहे हे ठरवायचं. सर्वांत कमी 3, सर्वांत जास्त 15. आयसीयूसाठी ती फार मोलाची आहे. पण पंधरापैकी पंधरा मिळाले याचा अर्थ रुग्ण शुद्धीवर आहे, एवढाच. तो हिशेब ठेवू शकेल, विजेच्या बोर्डाला हात लावू शकेल, मूल सांभाळू शकेल, असं त्या आकड्याने कधीच म्हटलेलं नाही. ते पाहायचं तर स्मृती, लक्ष, निर्णय यांच्या वेगळ्या चाचण्या घ्याव्या लागतात. बंगळूरच्या निम्हान्सने भारतीय रुग्णांसाठी अशा चाचण्यांचा संच तयार केलेला आहे. तरी किती दाव्यांच्या फायलीत तो अहवाल लावलेला असतो?

कायदाही या बाबतीत आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने नाही. प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि कमावण्याच्या ताकदीतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या निकालात स्वच्छ सांगितलं. डावा हात गेलेल्या सुताराचं किंवा ड्रायव्हरचं सगळंच उत्पन्न बुडू शकतं. सरकारी कारकुनाची नोकरी तशीच राहू शकते. प्रमाणपत्र एकच, नुकसान वेगळं. या वायरमनचाच हिशेब मांडून पाहा. महिना 20,000 धरले तर वर्षाचे 2,40,000. चाळिशीच्या आतल्या, स्वतःचा व्यवसाय असलेल्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीपोटी 40 टक्के मिळवायचे, म्हणजे 3,36,000. त्याच्या वयाला 16 चा गुणक. कमाई पूर्ण बुडाली असं मानलं तर नुकसान 53,76,000 रुपये. प्रमाणपत्रावरचे 30 टक्के डोळे झाकून लावले तर 16,12,800. मधले साडेसदतीस लाखांहून जास्त रुपये ज्या प्रश्नावर अवलंबून आहेत तो असा : हा माणूस पुन्हा वायरमन म्हणून उभा राहू शकतो का? चालत आला की नाही, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

शिवाय कमाई हा नुकसानीचा एकच भाग झाला. त्याला सांभाळायला बायको घरी बसली. तिची शिवणकामाची मिळकत थांबली. हरियाणातल्या बारा वर्षांच्या एका मुलीचा दावा 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. ट्रकने धडक दिल्यावर मेंदूला झालेल्या इजेमुळे तिची समज नऊ महिन्यांच्या बाळाएवढी उरली होती. न्यायाधिकरणाने तिला अकरा लाख दिले होते, उच्च न्यायालयाने पंचवीस लाखांच्या वर, सर्वोच्च न्यायालयाने 62,27,000. हा फरक कशाने पडला ते महत्त्वाचं आहे. सांभाळणाऱ्या माणसांचा खर्च न्यायालयाने ठोक रकमेत गुंडाळला नाही. दोन मदतनीस, प्रत्येकी महिना 5,000, आणि गुणक 18, असे 21,60,000 रुपये धरले. पाच हजारांत माणूस मिळत नाही, हे मला मान्य आहे. पण सांभाळणं हे जन्मभराचं काम आहे आणि त्याचा मोबदला गुणकाने मोजायचा, हे तत्त्व तिथे पक्कं झालं. आपल्याकडच्या किती आयांची, बायकांची रात्रंदिवसाची सेवा दाव्याच्या अर्जात एका ओळीनेही येत नाही.

आता हेल्मेट. इथे मी आक्षेपकांच्या बरोबर थोडं अंतर चालणार आहे. हेल्मेट घातलंच पाहिजे. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध जी आंदोलनं झाली ती मला कधीच पटली नाहीत. हेल्मेटने डोक्याच्या इजेचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे 42 टक्क्यांनी कमी होतो, असं जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यांतली 50,029 हेल्मेट न घातलेली होती. एवढं मान्य करूनही भरपाईच नको, हा निष्कर्ष निघत नाही. त्या वायरमनला मागून धडक दिली ती टेम्पोने. हेल्मेट असतं तरी ती धडक बसलीच असती. नियम मोडला एवढ्यावरून जखमीला दोषी धरता येत नाही, त्या नियमभंगाचा अपघाताशी किंवा इजेच्या तीव्रतेशी कार्यकारण संबंध दिसला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटलं आहे. विमा कंपनीने तो संबंध वैद्यकीय पुराव्याने दाखवावा आणि तेवढ्या प्रमाणात कपात मागावी. तो तिचा हक्क आहे. डोक्याला मार म्हटला की कसलाही पुरावा न पाहता ठरावीक टक्के छाटून टाकायचे, हा न्याय नाही. हेल्मेट न घालण्याची शिक्षा कायद्याने लिहिलेली आहे : हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स रद्द. जन्मभराचं परावलंबित्व त्या शिक्षेत कुठेही लिहिलेलं नाही.

खोटे दावे होतात का? होतात. उत्तर प्रदेशात त्यांच्या चौकशीसाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाला 2015 मध्ये विशेष तपास पथक नेमायला सांगावं लागलं. वकिलाने निकालाच्या रकमेवर टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, तरी ते सर्रास चालतं. या दोन्ही गोष्टींवर कडक कारवाई व्हावी, आणि त्या मार्गाने भामट्यांना पकडावं. खऱ्या जखमीला संशयाच्या पिंजऱ्यात उभं करून भामटे कमी होत नाहीत. मेंदूच्या इजेत सोंग करणं तर चाचण्यांमध्ये बरंचसं उघडं पडतं. त्या चाचण्या सक्तीच्या करा, म्हणजे दोन्ही बाजूंचा प्रश्न सुटेल.

खरं गाऱ्हाणं भलतीकडेच आहे. अपघाताचा दावा सहा महिन्यांत दाखल करायची अट 1994 मध्ये कायद्यातून काढली होती. 2019 च्या दुरुस्तीने ती परत आली आणि 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. मेंदूची इजा कुठे स्थिरावते हे कळायलाच वर्ष-दीड वर्ष जातं. पहिले सहा महिने घर हॉस्पिटलची बिलं भरत असतं आणि "होईल बरा" या आशेवर चालत असतं. अशा माणसावर सहा महिन्यांचं बंधन घालणारी ही तरतूद रद्द झाली पाहिजे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहेच. दुसरं, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार नोंदलेले आहेत, त्यांत अपघाताने झालेली मेंदूची इजा स्वतंत्रपणे नाही. वायरमनसारख्यांना मग मानसिक आजार किंवा मज्जासंस्थेचा जुना आजार अशा दुसऱ्याच रकान्यात कसंबसं बसवावं लागतं. यादीत बाविसावा प्रकार घालायला संसदेला कोण अडवतं?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांना कळकळीची विनंती आहे. विमा कंपनीकडून अडीच लाखांचा प्रस्ताव आला तर घाईने सही करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खालची ती ठरावीक रक्कम एकदा स्वीकारली की कलम 166 खालचा पूर्ण भरपाईचा दावा संपतो. सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल करा. पुरावा नंतर जोडता येतो. एफआयआर, पंचनामा, प्रत्येक केसपेपर जपून ठेवा. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून चाचण्या करून घ्या. आणि एक साधी वही करा : आज काय विसरला, कशावर चिडला, कोणतं काम अर्धवट सोडलं, तारखेसह. साक्षीच्या पिंजऱ्यात ती वही बायकोच्या हातात असू द्या. "चालत आलात ना?" या प्रश्नाला उत्तर देण्याचा खरा अधिकार तिचा आहे.