अतिवृष्टी म्हणजे नेमका किती पाऊस? व्याख्या तपासण्याच्या या तीन कसोट्या

डिजिटल डेस्क, नायगाव : ‘नायगाव तालुक्यात अतिवृष्टी’ अशी बातमी आली की शेतकऱ्याचा पहिला प्रश्न असतो, आमचं मंडळ त्यात आहे का? कारण मदत बातमीवर नाही, व्याख्येवर मिळते.

महसूल विभागाच्या लेखी मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी. हवामान विभागाकडे ६४.५ मिलिमीटरला फक्त ‘मुसळधार’ सुरू होतो, ‘अतिमुसळधार’ ११५.६ पासून. बातम्यांत मात्र आपण (हो, आम्हीही) दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो.

मग व्याख्या बरोबर की चूक, हे तपासायचं कसं? इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे कुणी शिकवलं नाही. न्यायशास्त्रात मात्र गाईचं जुनं उदाहरण आहे. ‘तांबूस रंगाची ती गाय’ म्हटलं तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. ‘शिंगं असलेली ती गाय’ म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. ‘घोड्यासारखा अखंड खूर असलेली ती गाय’ म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव.

आता हेच पावसाला लावा. सलग आठवडाभर रोज ४० मिलिमीटर पडला, सोयाबीन पाण्यात कुजलं, तरी ६५ चा आकडा गाठलाच नाही. सरळसरळ अव्याप्ती! एप्रिल २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘सततचा पाऊस’ ही नैसर्गिक आपत्ती मानली. सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर, ही त्यातली एक अट. भोक बुजवायला नवी व्याख्याच करावी लागली.

दुसरी गोची मोजणीची. पाऊस मोजला जातो मंडळातल्या केंद्रावर. केंद्रापाशी धो धो पडला तर मंडळातलं कोरडं गावही आत येतं. उलट झालं तर बुडालेलं शिवार बाहेर राहतं.

भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांत बहुतेक ठिकाणी इंग्रजी शब्दासमोर मराठी प्रतिशब्द असतो. शब्द मिळतो, त्याची हद्द मिळत नाही. ‘जीन ऑन्टॉलॉजी’सारख्या जागतिक संग्रहात मात्र शब्दाबरोबर व्याख्याही लिहितात. माझ्या मते मोजमापाच्या प्रत्येक मराठी शब्दापुढे चार गोष्टी हव्यात : किती, किती वेळात, कुठे मोजलेलं आणि कुणाच्या नियमाने. कोश ऑनलाइन आहेतच, छपाईची वाट पाहायची गरज नाही. अतिवृष्टी, अवर्षण आणि दुष्काळ या तीन शब्दांपासून सुरुवात करता येईल.