रोहिणीच्या पाण्यापासून कंबोडियाच्या सीमेपर्यंत

2025 च्या जुलैमध्ये थायलंड आणि कंबोडियाच्या सीमेवर पाच दिवस लढाई झाली. दोन्हीकडच्या लाखो लोकांना घरदार सोडावे लागले. 28 जुलैला मलेशियात युद्धविराम ठरला, पण डिसेंबरमध्ये पुन्हा तोफा धडाडल्या. वादाचे मूळ वसाहतकाळात आखलेल्या सीमारेषेत आहे. सीमेवरचे प्रेह विहार मंदिर कंबोडियाचे असल्याचा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1962 मध्येच दिला, तरी आजूबाजूच्या जमिनीचा वाद धुमसत राहिला.

बौद्ध म्हणून आपल्याला अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की हे दोन्ही देश थेरवादी आहेत. दोन्हीकडे तेच त्रिशरण, तेच पंचशील. म्यानमारमध्ये तर भिक्खूंच्याच एका गटाने रोहिंग्या मुस्लिमांविरुद्ध द्वेष पसरवला. म्हणजे धर्माचे नाव बौद्ध असले की शांतता आपोआप येते, हा समज आपण सोडला पाहिजे. श्रद्धा आपल्या माणसांना काय सांगायला लावते, हे पाहिले पाहिजे.

याच कंबोडियात दुसरे उदाहरणही आहे. ख्मेर रूजच्या राजवटीत (1975 ते 1979) लाखो माणसे मेली. भिक्खू महाघोसानंद यांचे कुटुंबही त्यात संपले. तरीही निर्वासितांच्या छावण्यांत त्यांनी सुडाची भाषा केली नाही. 1992 मध्ये त्यांनी थायलंडच्या सीमेवरून राजधानी नॉम पेन्हपर्यंत धम्मयात्रा काढली. परतणारे निर्वासित त्यांच्यासोबत चालले. पुढे दरवर्षी अशा यात्रा निघाल्या. 1994 च्या यात्रेत दोन्ही बाजूंच्या गोळीबारात सापडून यात्रेकरूंचे प्राण गेले, तरी यात्रा थांबल्या नाहीत. ज्यांचे सर्वस्व गेले होते तेच समेटाची भाषा बोलत होते, म्हणून लोकांनी ती ऐकली.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद मांडला आहे. शाक्य संघ कोलियांवर युद्ध पुकारायला निघाला, तेव्हा सिद्धार्थाने विरोध केला. आधी दोष कोणाचा याची चौकशी करा, मग दोन्हीकडचे दोन-दोन प्रतिनिधी निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी निर्णय द्यावा, असा त्याचा प्रस्ताव होता. तो बहुमताने फेटाळला गेला. सिद्धार्थ मात्र आपल्याच संघासमोर एकटा उभा राहिला आणि परिव्रज्या पत्करून त्याने किंमत मोजली.

आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो तेव्हा हाच प्रस्ताव मोजपट्टी म्हणून वापरतो. दलितांवर अत्याचार झाला की गावात बैठक बसते आणि ‘मिटवून टाका’ असे सांगितले जाते. तिथे चौकशी झालेली नसते. पंचांत पीडितांच्या बाजूचे कोणी नसते. उलट बहिष्काराची धमकी असते. ही शांतता नव्हे, ही दडपणूक आहे. अशा वेळी मैत्रीच्या नावाने गप्प बसू नका. ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवा, साक्षीदारांना आधार द्या. न्यायाची मागणी करणे म्हणजे वैर धरणे नव्हे.

पण बांधाचा वाद, पाण्याचा वाद, दोन वस्त्यांतील पोरांची मारामारी, जयंतीच्या वर्गणीवरून आपल्याच मंडळांत पडलेली फूट, ही भांडणे मात्र रोहिणीच्या पद्धतीने सुटू शकतात. त्यासाठी प्रत्येक विहारात तरुण-तरुणींचा एक गट तयार व्हावा. त्यांनी दोन्ही बाजू ऐकायला, नोंद ठेवायला आणि व्हॉट्सॲपवरची अफवा पडताळायला शिकावे. आणि चूक आपल्या माणसाची असेल, तर ती त्याच्या तोंडावर सांगावी.

थायलंड आणि कंबोडियाच्या तोफा आपल्या हातात नाहीत. आपल्या विहारातली पुढची बैठक मात्र आहे. तिच्यात चौकशी आधी आणि निकाल नंतर, एवढा नियम तरी आपण घालून घेऊ या.

जय भीम, नमो बुद्धाय.