घोडा निश्चल उभा आहे, म्हणजे त्याला वेदना नाहीत?

#थ्रेड : घोड्यांना गुंगी आणण्याचा दोनशे वर्षांचा इतिहास आणि त्यात दीर्घकाळ टिकून राहिलेला एक गैरसमज 🧵

१/ काळ १८२० च्या दशकाचा, स्थळ कच्छ. रात्रभराच्या दौडीने थकलेल्या एका कच्छी स्वाराने जवळची अफू काढली. थोडी स्वतः घेतली, थोडी घोड्याला चारली आणि दोघेही नव्या दमाने पुढे निघाले. भूजच्या ब्रिटिश रेसिडेन्सीतील शल्यवैद्य जेम्स बर्न्स यांनी ही हकिकत नोंदवून ठेवली आहे. ज्या अफूने माणसाला पेंग येते, तिने घोड्याला तरतरी यावी, हे त्या काळच्या वाचकाला नवलाचे वाटले असणार.

२/ पुढे विज्ञानाने या अनुभवाला दुजोरा दिला. १९व्या शतकाच्या आरंभी जर्मनीत सेर्ट्युर्नर याने अफूतून मॉर्फिन वेगळे केले. माणसाला ते शांत करते. वेदना नसलेल्या घोड्याला मात्र मोठ्या मात्रेत दिल्यास तो अस्वस्थ होतो, एकसारखा चालत राहतो. २०व्या शतकाच्या सुरुवातीला शर्यतीच्या घोड्यांना वेगासाठी अफूजन्य द्रव्ये चोरून दिली जात, ती याच गुणामुळे. सारांश, वेदनेवरचे सर्वांत प्रभावी औषध हाती होते, पण घोड्यावर ते एकटे वापरणे धोक्याचे होते.

३/ मग शस्त्रक्रिया होत कशा? दोरखंडांनी. चारही पाय जखडून घोडा आडवा पाडायचा आणि माणसांनी त्याला दाबून धरायचे. किरकोळ कामासाठी वरच्या ओठाला दोरीचा फास घालून तो काठीने पिळायचा. हा फास केवळ दुखण्यामुळे घोड्याला खिळवून ठेवतो, असे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. १९८४ साली डच संशोधकांनी दाखवले की या वेळी घोड्याच्या रक्तातील एंडॉर्फिन, म्हणजे शरीराने स्वतः निर्माण केलेले अफूसदृश द्रव्य, वाढते. त्या जुन्या युक्तीतही वेदनाशमनाचा काही अंश होता. तो कोणालाच ठाऊक नव्हता, इतकेच.

४/ १८४७ नंतर क्लोरोफॉर्म आले, पुढे क्लोरल हायड्रेट. क्लोरलने घोडा झोपे, परंतु वेदना शमवण्याची त्याची शक्ती तुटपुंजी होती. ते शिरेबाहेर सांडले तर भोवतालचे मांस सडे. ब्रिटनमध्ये १९१९ च्या कायद्याने प्राण्यांवरील काही शस्त्रक्रियांसाठी भूल सक्तीची केली. प्राण्याची वेदना हा कायद्याचा विषय होऊ शकतो, ही त्यातली मोठी गोष्ट.

५/ आणि तरीही या इतिहासातले सर्वांत अस्वस्थ करणारे पान त्यानंतरचे आहे. १९५० च्या दशकापासून घोड्यांना आडवे पाडण्यासाठी सक्सिनिलकोलीन वापरले जाऊ लागले. हे द्रव्य स्नायू लुळे पाडते. शुद्ध हरपत नाही, वेदनाही कमी होत नाही. घोडा काही क्षणांत कोसळे, हालचाल थांबे आणि अनेकदा त्याच अवस्थेत त्याला खच्ची केले जाई. पाहणाऱ्याला सारे शांत दिसे. घोड्याला मात्र प्रत्येक घाव कळत असे.

६/ या थ्रेडचे प्रतिपादन इथेच आहे. घोडा हलतो का, हा एक प्रश्न. त्याला दुखते का, हा दुसरा. पशुवैद्यकाने दीर्घकाळ पहिल्याच्या उत्तराला दुसऱ्याचेही उत्तर मानले. हे दोन प्रश्न व्यवहारात वेगळे करण्याचे मोठे श्रेय शामक आणि अफूजन्य औषधांच्या जोडीला जाते.

७/ १९५० साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन तयार झाले. त्याच कुळातील असेप्रोमाझिन पशुवैद्यांच्या पेटीत आले. त्याने घोडा निवांत होतो, पण वेदनाशमन होत नाही. १९५९ मध्ये बेल्जियमच्या डी कास्ट्रो आणि मुंडलेर यांनी मानवी भूलशास्त्रात एक कल्पना मांडली : मन शांत करणारे एक औषध आणि वेदना थोपवणारे दुसरे, दोन्ही एकत्र द्यावीत. हीच कल्पना घोड्यांपर्यंत पोहोचली.

८/ तिचे पहिले गाजलेले रूप भयंकर होते. एडिनबरो येथे केनेथ बेंटली यांच्या संशोधनातून एटॉर्फिन निघाले, मॉर्फिनच्या हजारपटींहून अधिक तीव्र. असेप्रोमाझिनशी त्याचा संयोग ‘इमोबिलॉन’ या नावाने विकला गेला. अल्पशा मात्रेत घोडा आडवा होई आणि उताऱ्याच्या इंजेक्शनने पुन्हा उठे. परंतु घोड्याने ऐन वेळी झटका दिला आणि सुई पशुवैद्याच्याच हातात शिरली तर? अशा अपघातांत माणसे दगावली. म्हणून उतारा भरून ठेवायचा आणि तो देऊ शकणारा जोडीदार शेजारी उभा करायचा, हा दंडक झाला.

९/ अधिक सुरक्षित वाट एका अनपेक्षित औषधातून निघाली. १९६२ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीत झायलाझिन तयार झाले, ते माणसांच्या रक्तदाबासाठी. माणसांना ते फार गुंगी आणी. घोड्यांसाठी तोच दोष गुण ठरला. १९८० च्या दशकात फिनलंडमधून त्याच वर्गातले डेटोमिडीन आले. या औषधांनी घोड्याची मान खाली झुकते, पाय फाकतात, पण तो उभा राहतो.

१०/ मात्र हे उभे राहणेही फसवे असते. केवळ शामक दिलेला घोडा पेंगत असतो आणि मागच्या पायाला अचानक स्पर्श होताच नेमकी लाथ झाडतो. सोबत ब्युटॉर्फॅनॉलसारखे अफूजन्य औषध दिले की स्पर्शाला उसळण्याची ही वृत्ती बरीच मावळते. उलट बाजूने, अफूजन्य औषधाने येणारी अस्वस्थता शामक दाबून धरते. म्हणूनच शामक आधी किंवा सोबत. दोन्ही कमी मात्रेत पुरतात. किंमत इतकीच की दोन्ही आतड्यांची हालचाल मंदावतात. पोटशूळाची भीती असलेल्या घोड्याच्या बाबतीत ही लहान गोष्ट नव्हे.

११/ या जोडीचे मोल एका आकड्यातून कळते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संपूर्ण भूल दिलेल्या ४१,८२४ घोड्यांपैकी १.९ टक्के सात दिवसांच्या आत दगावले किंवा त्यांना दयामरण द्यावे लागले. पोटशूळाच्या शस्त्रक्रिया वगळल्या तरी हे प्रमाण ०.९ टक्के होते. भुलीतून उठण्याच्या धडपडीत हाड मोडणे, हे त्यातले एक प्रमुख कारण. शामक, अफूजन्य औषध आणि शस्त्रक्रियेच्या जागी स्थानिक भूल, एवढ्यावर आज अनेक शस्त्रक्रिया घोडा उभा असतानाच होतात. स्थानिक भूल इथे अनिवार्य आहे. नाहीतर पुन्हा तीच जुनी चूक होईल.

१२/ वैद्यकाचा इतिहास बहुधा चमत्कारी औषधांच्या शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. इथे तसा चमत्कार दिसत नाही. एक औषध वेदना थोपवी पण घोडा बिथरे. दुसरे त्याला स्थिर करी पण वेदना तशीच राही. दोन अपुऱ्या उत्तरांना जोडण्यासाठी आधी प्रश्न दोन आहेत हे कबूल करावे लागले.

१३/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून एवढे घ्यावे : ज्याने प्रतिकार केला नाही त्याला काही झालेच नाही, असे मानू नये. दस्तऐवजात तक्रार नसते, तेव्हा दोरखंड कोणाच्या हातात होता, हे आधी पाहावे. सक्सिनिलकोलीनने लुळा पडलेला घोडा बाहेरून अगदी शांत दिसत होता.

(थ्रेड समाप्त)