बाकी कुठे गेली?

पान प्रोग्रॅमिंगवर आहे म्हणून मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी लगेच उलटू नका. यात मेसचे पैसेपण आहेत.

मी कॉन्व्हेंटवाली. चौथीत टीचर ‘कोशंट’ आणि ‘रिमेंडर’ म्हणायच्या, घरी आजी ‘भागाकार’ आणि ‘बाकी’ म्हणायची. दोघींचं एका गोष्टीवर एकमत होतं: सतराला पाचने भागलं की उत्तरं दोन येतात, तीन आणि दोन, आणि दोन्ही लिहायची असतात. इंजिनिअरिंगला आल्यावर सी ने शिकवलं की फंक्शन एकच उत्तर परत देतं, दुसरं पाहिजे तर पॉइंटर घेऊन मागच्या दाराने या. पायथॉन दोन देतंय असं वाटतं, पण ते दोन्ही एका पिशवीत घालून पिशवी हातात ठेवतं.

स्कीम ही लिस्पच्या घराण्यातली भाषा, १९७५ मध्ये एमआयटीत सस्मन आणि स्टील यांनी केलेली. तिच्यात पिशवी नाही. ‘व्हॅल्यूज’ म्हटलं की उत्तरं सुटी सुटी परत येतात. ही सोय १९९८ च्या प्रमाण अहवालात आली, आणि २०१३ च्या अहवालात तर भागाकार व बाकी एकदम देणारी प्रोसीजरच आहे. आजीला आवडली असती. मला तर इतकी आवडली, की मेसच्या बिलाचं काम आमच्या विंगकडे आलं तेव्हा मी ते स्कीममध्ये करायचं ठरवलं. (एक्सेल होतं. पण शायनिंग मारायची होती.)

लॅबच्या लिनक्सवर गाइल आहे, म्हणजे ग्नूवाल्यांची स्कीम. माझी प्रोसीजर प्रत्येक मुलीसाठी दोन आकडे परत द्यायची: महिन्याचं पूर्ण बिल आणि खाड्यांची सूट. एका खाड्याला साठ रुपये. यादी छापणाऱ्या ओळीत मात्र मी ती प्रोसीजर सरळ बोलावली, दोन्ही आकडे धरून वजाबाकी करायची राहिलीच. गाइलने पहिला आकडा घेतला, दुसरा सोडून दिला. एरर नाही, वॉर्निंग नाही. छान रेघा मारलेली यादी प्रिंटरमधून बाहेर आली आणि मी नोटीस बोर्डावर लावली.

एसटीत सुटे नसले की कंडक्टर तिकिटामागे उरलेले पैसे लिहून देतो. माळीवाड्याला घाईत उतरताना ते मागायचे राहिले, तर गाडी काही थांबत नाही. अगदी तसंच झालं.

माझी रूममेट पारनेर तालुक्यातली. मार्चमध्ये कांदा काढणीला ती आठ दिवस घरी होती. तिचे ४८० रुपये बुडाले आणि तिने मुकाट्याने पूर्ण बिल भरलं. खाडे तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवले होते, म्हणजे आकडा तिला माहीत होता! दोन आठवड्यांनी मीच विचारलं तेव्हा म्हणाली, “कॉम्प्युटरने काढलंय म्हटल्यावर मला वाटलं माझंच चुकलं असेल.” त्या वाक्याने मला जेवण गेलं नाही. अशा अकरा मुली निघाल्या.

तोच हिशेबाचा भाग एका मैत्रिणीने तिच्या लॅपटॉपवर रॅकेटमध्ये चालवला. रॅकेट पहिल्याच मुलीला अडून बसलं: अपेक्षा एका उत्तराची, मिळाली दोन. गंमत म्हणजे चूक दोघांपैकी कोणाचीच नाही. घेणारा एक आणि उत्तरं दोन असतील तर काय व्हावं, हे स्कीमच्या प्रमाण अहवालाने ठरवलेलंच नाही.

आता दुरुस्त करून मार्चचं बिल पुन्हा काढायचं. पहिल्यांदा ३१ मार्चला चालवलं होतं, त्यामुळे चालू महिना आपोआप बरोबर आला होता. या वेळी एप्रिल लागलेला, म्हणून ‘-एम ३’ असा ऑप्शन दिला. ऑप्शन वाचायला मी एसआरएफआय-३७ मधलं ‘आर्ग्ज-फोल्ड’ वापरलं होतं. त्यात एका ऑप्शनला कितीही नावं देता येतात, छोटं ‘एम’, मोठं ‘मंथ’. (आपल्या जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तरी स्टँडवर ‘नगर, नगर’ ओरडलं की गाडी तीच.) पण महिना मी ऐच्छिक ठेवला होता, आणि ऐच्छिक किंमत ऑप्शनला चिकटूनच लिहावी लागते: ‘-एम३’. मधे जागा सोडली, तर तीनचा ऑप्शनशी संबंध संपला. प्रोग्रॅमने एप्रिल धरला आणि ‘३’ नावाची फाइल शोधायला निघाला.

आर्ग्ज-फोल्डची आणखी एक खोड आहे. महिना आणि फाइलची यादी या जणू दोन कळशा. प्रत्येक ऑप्शन हाताळणाऱ्या प्रोसीजरने दोन्ही घ्यायच्या आणि पुढच्याच्या डोक्यावर दोन्ही ठेवायच्या. मी एका ठिकाणी एकच ठेवली. तक्रार आली ती पुढच्या प्रोसीजरकडून, आर्ग्युमेंट कमी आहेत म्हणून! चूक एकाची, बोंब दुसऱ्याची. तासभर मी भलत्याच ओळीकडे बघत बसले. तरी ही बोंब मला आवडली, कारण तासाभराने का होईना, चूक सापडली.

एक सीनियर म्हणाला की जास्तीचं उत्तर सोडून देणं ही लिस्पची जुनी सोय आहे, कॉमन लिस्पमध्ये तर तसा नियमच आहे. मान्य. नुसता भागाकार हवा असेल तर बाकीचं ओझं कशाला? पण मग ‘मला बाकी नको’ हे मी लिहून सांगावं, भाषेने माझ्या वतीने ठरवू नये. कोडची एक ओळ वाढेल. ४८० रुपयांपुढे एक ओळ काहीच नाही.

आपल्याकडे लिस्प भेटते ती एखाद्या युनिटापुरती, आणि जर्नलमध्ये जातं ते बरोबर आलेलं आउटपुट. लॅबच्या सर-मॅडमना विनंती आहे की एक प्रॅक्टिकल असं ठेवा, ज्यात एकच कोड गाइल आणि रॅकेट दोन्हीत चालवायचा, आणि व्हायव्हात विचारायचं की दुसरा आकडा कुठे गेला.

अकरा जणींचे पैसे पुढच्या बिलात वळते झाले. रूममेट अजून खाडे कॅलेंडरवर मांडते आणि यादी लागली की आधी जाऊन ताडून बघते. मे महिन्यात तिने एक चूक काढली, ती तिचीच निघाली.