शिंजिराचे आतिथ्य

परदेशस्थ आप्तांनी पाठविलेले मधुपात्र गेल्या चैत्रात आम्ही निपाणीच्या आमच्या अंगणात मोठ्या हौसेने टांगले. ते ज्या हमिंगबर्डसाठी घडविलेले, तो पक्षी अमेरिका खंडांबाहेर आढळत नाही; आपल्याकडे फुलांतील मकरंद चाखावा तो शिंजिरानेच. एक भाग साखर व चार भाग पाणी उकळून गार केले. रंग, मध, गूळ वर्ज्य मानले. शिंजिराची जोडी आलीही. परंतु उन्हात हे पाणी लवकर आंबते. ते वरचेवर बदलावे लागते, पात्र कढत पाण्याने घासावे लागते. परीक्षांच्या गडबडीत आमच्याकडून चार दिवस हयगय झाली. पात्रात काळी बुरशी दिसली, तेव्हा मन ओशाळले. पाहुण्याला शिळे वाढणारे आम्ही कसले यजमान? शिवाय शिंजिराची पिले साखरेवर नव्हे, किडे-कोळ्यांवर पोसली जातात. म्हणून पात्र उतरवून आम्ही जास्वंद लावली आणि अंगणातील औषधफवारणी बंद केली. जास्वंदीचे फूल रोज ताजेच उमलते. वाचकहो, हौस असेल तर पात्र अवश्य टांगा. मात्र ते नित्य धुणे जमणार नसेल, तर एक रोप लावा.