बेंचवरून थेट गेटबाहेर

रविवारी अंबरनाथला आमची मॅच. समोर उल्हासनगरची टीम, आणि मी नेहमीप्रमाणे बेंचवर. आमच्या स्ट्रायकरला कुणीतरी आडवं केलं, रेफरीने फाउल दिला नाही, मग मी साइडलाइनवरूनच त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो शांतपणे चालत आला आणि खिशातून लाल कार्ड काढलं.

‘अहो, मी खेळतच नाहीये!’

‘सब्स्टिट्यूटलाही मिळतं,’ एवढंच म्हणाला.

बदलापूरला घरी येऊन नियम वाचले. खरंच मिळतं, राव! २००२च्या वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाचा कनीजिया स्वीडनविरुद्ध एक मिनिटही न खेळता बेंचवरूनच बाहेर गेला होता. शेवटच्या शिट्टीनंतरही रेफरी मैदानात असेपर्यंत सुटका नाही. २०२३च्या डिसेंबरात अंधेरीत मुंबई सिटी-मोहन बागान मॅचला ७ लाल कार्डं निघाली, त्यातली काही मॅच संपल्यावर!

बदली खेळाडू हाकलला तरी मैदानात अकरा जण कायम राहतात. म्हणून मीही निवांत होतो. पण सत्तराव्या मिनिटाला आमच्या लेफ्ट बॅकच्या पोटरीत गोळा आला. तो लंगडत बाहेर आला आणि सगळ्यांनी बेंचकडे पाहिलं.

बेंचवर आमचा एकच बदली खेळाडू होता. तो गेटबाहेर वडापाव खात उभा होता.